करंजवण्याची भरती

“पुस्तक मिट गो, बाय. पाणी उडतला,” आबा म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. ते कवितांचं होतं आणि अंधार फिटल्यापासून मी त्यातलं एकच पान उघडून बसले होते. मचवा उत्तरेकडे चालला होता. उजव्या हाताला किनारा होता, त्यामागे डोंगरांची निळी, अजून न उजळलेली ओळ. जमिनीवरून सुटणारा पहाटेचा थंड वारा, ज्याला आमच्याकडे मतलई म्हणतात, शिडात भरला होता. त्या शिडाला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं ते आता आबांनाही सांगता आलं नसतं.

“कविता वाचून मासे गावतत काय रे, तांडेल?” शिडाच्या दोरीशी बसलेले धाकूकाका म्हणाले. आबांबरोबर तीस वर्षं समुद्र केलेले ते एकटेच उरले होते.

“गावतत,” आबा म्हणाले. “पण ते आपणाक दिसनत नाय.”

दोघं हसले. मीही हसले. त्या दिवशी आबा विनोद करत होते, ही गोष्टच मला शुभ वाटत होती.

आम्ही करंजवण्याला चाललो होतो, माझ्या बहिणीला, केशरला, भेटायला. चार वर्षांत आबांनी तिचं नाव उच्चारलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी, पावसाळा संपून समुद्र मोकळा झाल्यावरच्या पहिल्याच खेपेत, आमचा दत्ता, माझा भाऊ, बुडाला. म्हणजे गावाच्या म्हणण्याप्रमाणे बुडाला. सुकाणूवर केशरचा नवरा मुकुंद होता. अचानक वारा फिरला, शिडाची आडवी काठी गर्रकन या कडेची त्या कडेला गेली आणि दत्ताला घेऊन गेली. मुकुंदने त्या पाण्यात संध्याकाळपर्यंत मचवा फिरवत ठेवला. काही मिळालं नाही. आबांनी जावयाला एक शब्दही विचारला नाही, फक्त केशरला म्हणाले, “तू हंय ऱ्हव. तो जाऊ दे.” केशर नवऱ्याबरोबर गेली. करंजवणे हे त्याचं गाव. खाडीच्या मुखाशी असलेलं एक लहानसं बंदर: एक दगडी धक्का, दहापाच घरं, माडांची एक रांग. ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो. भरतीच्या ऐन वेळी, तास-दीड तास, वाळूच्या दांड्यावर पुरेसं पाणी चढतं आणि तेवढ्यातच शिडाची होडी आत जाऊ शकते.

“आज तेरस,” आबांनी निघण्यापूर्वी बोटांवर मोजलं होतं. “तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाक पाणी पूर्ण. त्याच्या आधी अर्धो तास आपण दांड्यार.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या वाडीत पोरांना पाढ्यांच्या आधी येई. मी मात्र दहाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढले. मचवा चालवणाऱ्या तांडेलाची मुलगी असून मला पाणी कळत नव्हतं.

“तांडेल सोताच्या लग्नाक उशिरा गेलो,” धाकूकाका माझ्याकडे वळून सांगू लागले, “वऱ्हाड वाट बघून जेवाक बसला. पण भरतीक कधी उशिरा गेलो नाय. उभ्या किनाऱ्यार विचार.”

“पुरे रे.”

“खोटा सांगतंय काय? आणि दत्ता तुझ्या वर होतो. तो दोरीर बसलो काय...”

“होतो कित्याक म्हणतंस?” आबांचा आवाज चढला नाही. “आसा तो. खंयतरी आसा.”

धाकूकाकांनी दोरी ओढून धरली. तो अपघात झाला त्या दिवशी दुरून एक अरबी गलबत गेलेलं कोणीतरी पाहिलं होतं. त्या गलबताने दत्ताला उचललं असेल, तो मस्कतला असेल, आजारी असेल, त्याच्याकडे पत्ता नसेल, अशी एकेक पायरी आबांनी चार वर्षांत बांधून काढली होती. दत्ताचे दिवस त्यांनी केले नव्हते. आईने एकदा त्याची चादर कोणा गरिबाला द्यायची गोष्ट काढली, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत.

केशरचं पत्र आलं ते माझ्या नावाने. मी एम.ए.ची परीक्षा देऊन घरी आले होते. ते मी ओसरीवर आबांना वाचून दाखवलं. मुकुंदला वेरावळला काम मिळालं आहे. चतुर्दशीच्या पहाटेच्या गाडीने आम्ही कायमचे निघू. परत येणं कधी होईल, होईल की नाही, सांगता येत नाही. बाळ पाच महिन्यांचं झालं. आबांनी एकदा येऊन त्याला बघून जावं.

एवढं वाचून मी पत्राची घडी घातली. शेवटच्या तीन ओळी मी वाचल्या नाहीत, कारण तसं तिनेच लिहिलं होतं: ‘बाळाचं नाव दत्ताराम ठेवलं आहे. हे आबांना तू सांगू नकोस. मी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवीन आणि मग सांगेन.’

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा धाकूकाकांना हाक मारून म्हणाले, “मचवो धुऊन घे.” आईचा दमा तिला अंगणाबाहेर जाऊ देत नव्हता. तिने रात्र होण्याआधी बाळासाठी कुंची शिवून पुरी केली. हिरव्या खणाची, काठाला पिवळी गोंड्यांची झालर. ती कुंची मी पुस्तकाबरोबर पिशवीत ठेवली होती आणि मधूनमधून हात घालून चाचपत होते.

*

सव्वानऊला खाडीचं मुख दिसलं. माझ्या मनगटावर शिष्यवृत्तीच्या वर्षी घेतलेलं घड्याळ होतं आणि ते मी त्या दिवशी फारच वेळा पाहिलं. समोर वाळूचा दांडा पाण्याखाली गेलेला; त्याच्यावरून जाणारी लाट किंचित पिवळी होत होती. पलीकडे, हाक जेमतेम पोहोचेल एवढ्या अंतरावर, धक्का.

धक्क्यावर केशर उभी होती.

मी तिला लुगड्यावरून ओळखलं. आईनेच दिलेलं डाळिंबी लुगडं. काखेत बाळ होतं. दुसऱ्या हाताने तिने निऱ्या उचलून धरल्या होत्या, एखादी बाई चिखलातून चालताना धरते तशा. ती अगदी कडेला येऊन उभी होती. मला वाटलं, घाईने उतरून आली असेल.

“ताय!” मी ओरडले. “आबा, बघा ना, ताय!”

आबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला, क्षणभर. मग त्यांची नजर तिच्या मागे गेली. माडाच्या सावलीत, हात मागे बांधून, मुकुंद उभा होता.

“तो पण आसा थंय,” आबा म्हणाले.

“त्यांचंच गाव आहे ते, आबा.”

 सुकाणूवरची आबांची मूठ आवळली आणि मचव्याचं तोंड किंचित, अगदी किंचित, समुद्राकडे वळलं. धाकूकाकांनी वर पाहिलं. मलाही ते कळलं. पाणी न कळणाऱ्यालाही माणूस पाठ फिरवू लागलेला कळतो.

मला भीती वाटली. तीन तासांचा तो सगळा प्रवास, तो विनोद, ती कुंची, सगळं माझ्या हातून निसटत होतं. आणि माझ्यापाशी एकच गोष्ट होती जिने हा माणूस विरघळेल, असं मला चोवीस वर्षांच्या वयापर्यंतच्या सर्व वाचनाच्या जोरावर खात्रीने वाटलं.

“आबा,” मी म्हटलं, “बाळाचं नाव काय ठेवलंय ठाऊक आहे?”

“काय?”

“दत्ताराम.”

धाकूकाका मचव्याच्या तळातलं पाणी उपसत होते. त्यांच्या हातातली करवंटी तशीच थांबली.

“काय म्हणालंस?”

“दत्ताराम. आपल्या दत्ताचं नाव. तायनं ठेवलं.”

“तिणा ठेवल्यान?”

“हो. तुम्हाला ती स्वतः सांगणार होती.”

 लाटेमागून लाट मचव्याखालून दांड्याकडे जात होती. आबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. आता काही बिघडणार नाही, मला वाटलं. एका नावाने काम केलं.

मग त्यांनी शिडाकडे मान उचलली. “उतरव,” ते म्हणाले. “नांगर सोड, धाकू. पाणी नाय अजून.”

“तांडेल,” धाकूकाका म्हणाले.

“पाणी नाय म्हटलंय.”

धाकूकाकांनी एकदा धक्क्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मग उठून त्यांनी नांगर सोडला. दोर बराच वेळ सळसळत खाली गेला.

“पावणेदहाला पूर्ण भरती म्हणाला होतात ना?” मी घड्याळ पुढे केलं. “साडेनऊ झाले.”

“तां आपल्या गावाचा. करंजवण्याची भरती मागसून येता. खाडी वाकडी आसा.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “बस तू. येतला पाणी.”

मी बसले. पाण्याची वाट पाहणं ही कल्पना मला त्या वेळी सुंदरसुद्धा वाटली. मी उभी राहून केशरला हाताने खूण केली: थांब, थोडं थांब, आम्ही येतोच आहोत. तिने प्रत्युत्तरादाखल हात केला नाही. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. ती नुसती पाहत होती.

थोड्या वेळाने मुकुंद सावलीतून बाहेर आला. धक्क्याच्या कडेला एक लहान होडी बांधलेली होती, वल्ह्याची. तो वाकून तिचा दोर सोडू लागला.

“ते येताहेत आपल्याला न्यायला!” मी म्हटलं.

आबांच्या हातात दोरीचा एक तुकडा होता. तिला ते गाठ मारत होते आणि सोडत होते.

तेवढ्यात केशर वळली. निऱ्या सोडून तिने मुकुंदचा दंड धरला. काहीतरी म्हणाली. तो सरळ झाला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग त्याने होडी परत बांधली आणि सावलीत जाऊन उभा राहिला. केशरने निऱ्या पुन्हा उचलून घेतल्या.

“ती त्यांना येऊ का देत नाही?” मी विचारलं.

 धाकूकाका उपसून संपलेल्या तळातून कोरडी करवंटी फिरवत होते.

दहा वाजले. सव्वादहा. ऊन चढलं. आबांनी पाठ धक्क्याकडे केली होती. त्यांना म्हणे उजेड टोचत होता. मी मात्र मधूनमधून कुंची पिशवीतून काढून केशरला दाखवत होते, तिचे गोंडे वाऱ्यावर धरत होते. एकदा तिने बाळाला दोन्ही हातांनी वर उचललं. डोक्याच्याही वर. डाळिंबी लुगड्याच्या वर तो एक पांढरा ठिपका होता. त्याचे पाय हलताहेत असं मला वाटलं, पण त्या अंतरावरून खात्री देता येत नाही. तिने त्याला बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

“आबा, बघा. एकदा बघा.”

“दिसता माका,” आबा म्हणाले. त्यांची पाठ तशीच होती.

केशरने बाळाला हळूहळू खाली घेतलं. त्यानंतर, अकराच्या सुमारास असेल, तिने निऱ्या हातातून सोडल्या. त्या दगडावर पसरल्या. ती मात्र हलली नाही.

साडेअकराला आबा म्हणाले, “ओहोटी लागली.”

“म्हणजे?”

“म्हणजे आज पाणी चढला नाय. व्हता असा कधीकधी.”

“मग रात्रीच्या भरतीला?”

“रातीक वारो पडता.”

“आबा, उद्या पहाटे ती जाणार आहे!”

“पाण्याक कोण काय करतलो, बाय?” ते म्हणाले, आणि ते इतक्या थकल्या स्वरात म्हणाले की मला त्यांचीच दया आली. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा भरती चुकली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा होता.

समुद्रावरून वारा सुटला. धाकूकाकांनी नांगर ओढला, शीड चढलं. मी तोंडापुढे हातांची ओंजळ करून जिवाच्या आकांताने ओरडले, “ताय! पाणी नाही गं! पाणी चढलंच नाही!”

तिला ऐकू गेलं. कारण तिने मान हलवली. हो म्हणून.

*

कुंची आईने परत घेतली आणि विचारलं, “कोणासारखा आसा?” लांबून दिसलं नाही, असं मी सांगितलं.

वेरावळहून केशरचं एकच पत्र आलं. तिथल्या पाण्याविषयी, तिथल्या भाषेविषयी होतं. बाळ रांगू लागलं होतं. मी नाव फोडलं, त्याबद्दल तिने कधीच विचारलं नाही. खाली लिहिलं होतं: ‘आबांना सांग, ते आले होते एवढं मला पुष्कळ आहे.’ मी हे आबांना वाचून दाखवलं. ते उठून माडाखाली गेले आणि पडलेल्या झावळ्या गोळा करत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात तार आली. तापाने केशर गेली होती. चार दिवसांपूर्वीच सगळं उरकलं होतं.

भटजी आले तेव्हा आबा ओटीवर बसले होते. तीन दिवसांच्या सुतकाचं काय, दहाव्याचं काय, असं भटजी विचारू लागले. आबा म्हणाले, “दोघांचा करा.”

“दोघांचं? कोणाचं कोणाचं?”

“चेडवाचा आणि झिलाचा.”

आत आईने तोंडात पदर कोंबला. दर्भाचा एक पुतळा करून आबांनी पाच वर्षं जिवंत ठेवलेल्या मुलाला अग्नी दिला. धाकूकाका शेजारी उभे होते. पुतळा जळायला वेळ लागत नाही. मी तिथे उभी होते तेव्हा मला आमच्यातली एक साधी रीत आठवली, जी वाडीतल्या कोणत्याही अडाणी बाईला ठाऊक असते आणि मलाही ठाऊक होती: जित्या माणसाचं नाव पाळण्यात ठेवत नाहीत. गेलेल्याचंच ठेवतात. केशरने चार वर्षं जे कोणी उच्चारलं नाही ते उच्चारलं होतं, आणि तेही बापाच्या मांडीवर बाळ ठेवून, त्याचं वजन त्यांना लागू देऊन, मग सांगायचं होतं. मी ते मोकळ्या पाण्यात, रिकाम्या हातांनी सांगितलं. बक्षीस दिल्यासारखं.

तरीही, इतकं कळूनही, भरती चुकली होती यावर माझा विश्वास होता. आबांना दुःख झालं, आणि नेमकं त्याच दिवशी पाणी चढलं नाही. दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून मी वीस वर्षं जगले. त्यांच्यावर एकदा कविताही लिहिली. आबा त्याआधीच गेले होते. जाताना त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही.

मग एका मार्च महिन्यात शालान्त परीक्षेच्या कामावर मला करंजवण्याला पाठवण्यात आलं. आता तिथे पूल होता, एसटी थेट जात होती. दुपारचा पेपर सुरू व्हायला अवकाश होता म्हणून मी खाडीवर गेले. ओहोटी होती. दूरवर काळा, चकचकीत चिखल पसरला होता आणि त्यात एक मोडकी होडी कुशीवर पडली होती.

धक्क्याला पायऱ्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला एकही पायरी दिसली नव्हती. मी वरून मोजल्या. चौदा. खालच्या सगळ्या कालवांनी आणि शेवाळाने भरलेल्या होत्या. खाली एक म्हातारी बाई कोयत्याने कालवं फोडत बसली होती.

“पाणी कुठवर येतं हो, मावशी?” मी विचारलं.

“भरतीक? हंय वर.” तिने कोयत्याचं टोक माझ्या पायांकडे केलं. “तू उभी आसस ती पायरी भिजता. ती भिजली काय मचवे आत येयत. दुसरी खूणच नाय हंय. आता कोण येता मचवो घेवन!”

पायरीच्या कडेला लोखंडी कडी होती. मुकुंदची होडी इथेच बांधलेली असणार. मी कडीजवळ उभी राहून समुद्राकडे पाहिलं. जिथे आमचा नांगर होता, तिथपर्यंत काहीच अडवणारं नव्हतं. माणसाची पाठसुद्धा इथून ओळखू आली असती.

केशर याच पायरीवर उभी होती. सव्वानऊपासून. ती तांडेलाच्या घरात वाढलेली होती, तिला पाणी सांगावं लागत नव्हतं. ते तिच्या पावलांवरून जात होतं.

मी वाकले आणि निऱ्या उचलून हातात धरल्या. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे.

“अगो, पाणी लांब आसा,” खालून ती बाई हसत म्हणाली. “सोड तां लुगडा. भिजूची नाय तू.”